उलट्या फेऱ्याची गोधडी

पाण्याचा हंडा कमरेवरून उतरवायच्या आधीच गौराने पाहिलं... पडवीत रामी, तिची धाकटी जाऊ, मांडीवर नवी गोधडी घेऊन बसली होती आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उचकटून काढत होती! समोर तिची लेक रुपी, दिवस भरत आलेली, पाय पसरून दुसऱ्या कोपऱ्यातून दोरा ओढत होती. अख्खा पावसाळा गौराने ज्या गोधडीवर डोळे फोडले होते, भाताच्या आवणीवरून परतल्यावर चिखलाचे हात धुऊन, चुलीशेजारी बसून जिचा एकेक फेरा घातला होता, तिचा दोरा जमिनीवर गुंतवळासारखा पडला होता.

गौराने हंडा खाली ठेवला. पाणी हिंदकळून पायांवर आलं तरी तिला कळलं नाही.

रामीने वर न बघताच सांगून टाकलं. उद्या रुपीची सासू ठकीबाई जव्हारहून येणार. तिचा नवरा राजवाड्याच्या देवडीवर शिपाई, माणसं मोठी, नजर बारीक. पहिलटकरणीला माहेरची गोधडी काय केलीय ते ती उलटूनपालटून बघणार, आणि फेरा उलटा दिसला तर आल्या पावली परत जाणार.

"मग पहिल्या दिवशी का नाय बोललीस?" गौराने विचारलं. "लुगडी तूच काढून दिलीस ना?"

रामीने पुढचा टाका उचकटला. तिच्या त्या गप्प बसण्याचा गौराला आयुष्यभर राग आला होता. काम होईस्तोवर गप्प, आणि काम झालं की नाक मुरडायचं!

गौरा डावरी. लहानपणी आईने हात बांधून ठेवला, चटके दिले, पण सुई काही उजव्या हातात ठरली नाही. गोधडी काठापासून शिवायला घेतात आणि कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. उजव्या हाताची बाई शिवते तेव्हा फेरा आपोआप देवळाला घालावा तसा पडतो. गौराचा पडायचा उलटा, मसणात घालतात तसा! टाका मात्र असा की मोहरीच्या ओळी मांडाव्यात. त्यांच्या जामसर गावातल्या बायका तो टाका बोटाने चाचपून बघत, हळहळत, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या वाकळा तेवढ्या तिच्याकडून शिवून घेत. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला उलटसुलट काय करायचंय! पण बाळाची कुंची, नवरीची पिशवी, बारशाचं दुपटं... तिथे गौराचा हात चालत नसे. त्यात तिची कूस उजवली नाही. मग तर गावाला कारणही सापडलं. ज्या बाईचा दोराच उलटा, तिच्या घरात पाळणा कसा हलणार!

रात्रंदिवस हे ऐकून घ्यायचं, आणि नवऱ्याकडे, फागूकडे बघावं तर तो तंबाखू मळत एवढंच म्हणणार, जाऊ दे. शेताचा बांध कोणी कोरला, जाऊ दे. जाऊ टाकून बोलली, जाऊ दे. त्या दोन शब्दांचं गाठोडं बांधून एकदा दाभोशाच्या धबधब्यात टाकून यावं, असं गौराला कितीदा वाटलं होतं.

आणि ती स्वतः? ती तरी कुठे बोलत होती! जे बोललं असतं तर रामीची मान खाली गेली असती, तेच तर तिला बोलता येत नव्हतं.

रुपीच्या आधी रामीची तीन पोरं गेली होती. तिन्ही गोधड्या सुलट्या फेऱ्याच्या, शुभ हातांच्या, आणि तिन्ही बाळांबरोबर मातीत गेल्या. चौथ्या वेळी त्यांच्या सासूने, नवशीने, दोन्ही सुनांना समोर बसवलं. म्हणाली, पोरं न्यायला जे येतं ते गोधडीच्या दोऱ्यामागून चालत येतं. फेरा उलटा घातला तर ते वाट चुकेल. घरोघर फिरून चिंध्या मागून आणायच्या आणि डाव्या हाताने शिवायच्या. पण जी शिवेल तिने आपली कूस त्या दोऱ्याबरोबर द्यायची. आणि ज्या पोरासाठी शिवली त्याला ते कळता कामा नये. पोर मुलगी असली, तर तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं मूल येईस्तोवर!

त्या वेळी गौराचं वय अजून निघून गेलं नव्हतं. अंगात जोर होता, मनात आशा होती. तिने रामीच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर पसरून दारोदार गेली. खाऊनपिऊन सुखी घरची सून चिंध्या मागत फिरते म्हणून माणसं हसली. हसू देत! गोधडी झाली, रुपी जगली. गौराची कूस मात्र खरंच रिकामी राहिली... आणि रुपीला सांगण्यात आलं, गोधडी तुझ्या आईने शिवली.

या खोट्याचंही गौराला काही वाटलं नसतं. पण वर्षं सरली, नवशी गेली, आणि रामी स्वतःच ते खरं मानू लागली! आपल्या हाताचा गुण म्हणून पोर वाचली, असं ती चारचौघींत सांगू लागली. आणि आज तीच रामी म्हणत होती, या हाताचा टाका माझ्या नातवंडाला नको.

गौरा तशीच चुलीपाशी गेली. नागलीचं पीठ मळायला घेतलं आणि इतकं मळलं, इतकं मळलं की ते परातीला चिकटून बसलं. जगाला एकदा ओरडून सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण रुपी अजून मोकळी झालेली नव्हती. तिने पिठात पाणी घातलं आणि पुन्हा मळू लागली.

बाहेर दोरा ओढण्याचा आवाज थांबला.

रुपी उठली. जड पावलांनी आत आली, दोरीवरची तिची जुनी चिंध्यांची गोधडी ओढून काढली. ही गोधडी ती सासरीही घेऊन गेली होती आणि बाळंतपणाला येताना परत घेऊन आली होती; तिच्याशिवाय तिला झोप येत नसे. तिने ती पडवीत नव्या गोधडीशेजारी पसरली. जुन्या गोधडीच्या ज्या कोपऱ्यातून पहिला टाका निघाला होता, तिथे तिने बोट ठेवलं आणि बोट ओळीवरून फिरत गेलं. मग नव्या गोधडीवर. फेरा एकाच बाजूला जात होता.

"आय, ही कोणी शिवली?" रुपीने विचारलं.

रामीचा चेहरा पांढरा पडला. तिच्याआधी गौराच दारातून म्हणाली, "तुझ्या आयनं. दुसरं कोण शिवील?"

रुपीने काकीकडे पाहिलं, पिठाने भरलेल्या तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग सुईत दोरा ओवून तिने ती आईच्या हातात दिली.

"घाल बघू असाच एक फेरा."

रामीने सुई धरली. दोन टाके पडले, तेही सुलट्या बाजूला, वेडेवाकडे. मग तिने सुई खाली टाकली आणि ती तोंडात पदर कोंबून रडू लागली. गौरा धावली. तिने रामीचं तोंडच धरलं. बोलू नको, पोर बाहेर येऊ दे आधी, असं ती कानात सांगत राहिली. पण इतक्या वर्षांचं आत कोंडलेलं आता थांबणार नव्हतं.

"मी तीन पुरली, पोरी," रामी हुंदके देत म्हणाली. "चौथी हिनं दिली मना. आपली कूस देऊन दिली. आणि मी... मना भ्याव वाटायचं गं. ही आली तुला मागायला, तर मी काय सांगू?"

गौरा सुन्न झाली. एवढंच? एवढ्यासाठी हिने माझा हात अशुभ ठरवला? ही पोर मी कधी मागितली असती का! तिला रामीच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावीशीही वाटली. दोन्हींतलं काहीच तिच्याने झालं नाही. ती खाली बसली आणि जमिनीवरचा दोरा गोळा करू लागली.

"काकी," रुपी म्हणाली, "उसवलेलं पुन्हा शिव. उलटंच शिव."

दुसऱ्या दिवशी ठकीबाई आल्या. गोधडी उलटली, पालटली, कपाळाला आठी घातली. फेरा उलटा तर होताच, वर एक कोपराही उघडा! गोधडी उपाशी देऊ नये म्हणून शेवटपर्यंत उघड्या ठेवलेल्या कोपऱ्यात तांदूळ आणि नागलीचे दाणे घालून मग तोंड शिवतात. त्याला घास म्हणतात, आणि तो लेकुरवाळीने घालायचा असतो. रुपीने तो काकीने घालावा म्हणून हट्ट धरला होता. गौरा मात्र बाळ येईपर्यंत दाण्याला हात लावायला तयार नव्हती.

असली गोधडी आमच्याकडे चालायची नाही, उसवून नीट करा, असं ठकीबाई फागूकडे बघून म्हणाल्या. थोरला म्हणून घरातला कर्ता तोच. गौराने मान खाली घातली. पुढचे दोन शब्द तिला पाठ होते.

फागूने हातातली तंबाखू झटकली. "राहू दे," तो म्हणाला. "असल्याच गोधडीत आमची पोर जगलीय, बाय. नातूही हिच्यातच निजंल."

ठकीबाई जेवल्या, पण फारसं बोलल्या नाहीत. गौराला वाढताना भात कुठे वाढते आहे तेच दिसत नव्हतं.

रुपी मोकळी झाली. मुलगी झाली, आणि पहिल्या रडण्याने तिने सगळं घर डोक्यावर घेतलं. बाळाला रुपीच्या मांडीवर ठेवलं तशी रामी आतून सूप घेऊन आली. सगळ्या बायकांच्या देखत तिने तांदूळ-नागलीची मूठ भरली आणि गौरासमोर धरली. गौराने सवयीने उजवा हात पुढे केला.

"तो नको," रामी म्हणाली. "दुसरा."

गौराने डावा हात उघडला. त्या तळव्यावर आजवर कोणी शुभाचा एक दाणा ठेवला नव्हता. आता तिथे मूठभर दाणे पडले, काही बोटांतून निसटून खाली सांडले, आणि तिला रडूही येईना. आला तो रागच!

"एवढंच होतं तर इतका उशीर का केलास गं, रामे?" ती म्हणाली.

रामी खाली बसली आणि सांडलेले दाणे वेचू लागली. गौराने कोपऱ्यात घास घातला, सुई डाव्या हातात घेतली आणि तोंड शिवून टाकलं.