वाढवून पाहिलेला आकडा

शरीरात एकाच वेळी दोन विषाणू शिरले तर पुढे काय होतं, हे मी समीकरणं मांडून शोधतो. माझी थोरली बहीण नेमकी तशीच आजारी पडली. आधी फ्लू, आणि तो उतरायच्या आत दुसरा विषाणू. ती हॉस्पिटलात होती आणि माझं ऑफिस समोरच्याच इमारतीत. लहानपणापासून ती मला मास्तर म्हणते. "मास्तर, माझं गणित सुटतंय का बघ," ती मास्कमधून कशीबशी म्हणाली. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी तिचे रक्ताचे रिपोर्ट माझ्या मॉडेलमध्ये भरले.

मॉडेलचा आलेख तिच्या तापाशी तंतोतंत जुळला. इतकं कधी जुळत नाही. तपासणीत थोडीफार चूक असतेच, इथे तीही नव्हती. मॉडेलप्रमाणे दोन्ही विषाणू मागे हटत होते, पण तिची प्रतिकारशक्तीच भडकून फुप्फुसं पोळत होती. त्या भडक्याचा जोर मॉडेलमधल्या एका आकड्यात होता. कमी केला तर काय होईल, म्हणून मी तो जरा खाली आणला. स्क्रीनवरचा ताप उतरला.

तेवढ्यात भावोजींचा फोन आला. "अरे, ताप उतरला हिचा. डोळे उघडलेत, पाणी मागतेय."

मला आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याच्या पाठोपाठ जे मनात आलं, ते सांगताना वर मान करवत नाही. एकदा घडलं तर तो योगायोगही असेल. खात्री करायची तर उलटं करून बघायला हवं.

मी आकडा वाढवला. होता त्याच्याही वर नेला.

खिडकीतून वॉर्ड दिसायचा. ताईच्या पलंगाकडे एक सिस्टर धावली, मग दुसरी. भावोजी भिंतीला टेकून खाली बसले.

आणि मी आलेखाकडे बघत होतो. रेषा कुठवर जाते ते बघायला थांबलो होतो.

मग नजर पुन्हा खिडकीकडे गेली. आकडा खाली आणला. समोरची धावपळ थांबली.

त्याच दिवशी मी ते मॉडेल पुसून टाकलं. सगळ्या प्रतींसकट.

ताई बरी होऊन घरी आली. भेटायला गेलो, पण माझी नजर चहाच्या कपातून वर येईना. भावोजी औषधं आणायला बाहेर पडले, तशी ती म्हणाली, "पहिल्यांदा केलंस तेव्हा गार वाटलं रे. दुसऱ्यांदा का केलंस?"

मी कप खाली ठेवला.

"रागावले नाहीये. विचारतेय नुसती."

"बघायचं होतं," मी म्हणालो.

"बघितलंस ना? मग आता पुरे कर."

"ताई, मी कधीच पुसून टाकलंय ते."

माझा हात ओढून तिने आपल्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं. मग माझ्या तळव्याखाली ते हळूहळू, आलेखातल्या त्या रेषेसारखं कुठेही न अडखळता, तापत गेलं.