पोकळ्याचा वाफा

ब्याण्णव सालातली गोष्ट. देवपुरातल्या आपल्या घराच्या परसात प्रमिला सकाळी आली, तर एक अनोळखी तरुण उकिडवा बसून तिच्या पोकळ्याची कोवळी रोपं उपटत होता!

"अहो, काय करताय?"

"गवत काढतोय. घरमालक म्हणाले, परस साफ करून घ्या..."

"तुमचं परस पलीकडे! आणि हे गवत नाही, पोकळ्याची भाजी आहे."

हातातल्या रोपांकडे बघत तो ओशाळला. "आम्ही रावेरचे. केळीपेक्षा लहान काही दिसलं, की गवतच वाटतं."

रागवायचं ठरवूनही प्रमिलाला हसू आवरेना.

शेजारी भाड्यानं आलेला हा सुकदेव ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. भरपाई म्हणून त्यानं वाफा पुन्हा खणून दिला. पोकळ्याचं बी खसखशीसारखं बारीक. ते एकसारखं पेरता यावं म्हणून राखेत मिसळताना दोघांची बोटं एकमेकांना लागली... आणि क्षणभर कुणीच हात काढला नाही.

मग रोज संध्याकाळी पाणी घालायला तो हजर. मायाळूच्या वेलाला जांभळी फळं धरली, तेव्हा त्यानं एक चिरडून बोटं रंगवली.

"हा रंग जातो?"

"दोन दिवसांत."

"इतक्या लवकर?" तिच्याकडे रोखून बघत तो म्हणाला.

दिवाळीनंतर रावेरहून निरोप आला. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. केळीची बाग बघायला दुसरं कुणी नव्हतं. पिशवी घेऊन तो कुंपणाशी थबकला.

"प्रमिला..."

"हं?"

"भाजी... जपा."

एवढंच बोलून गेला.

पोकळा खुडला, की पुन्हा फुटायचा. अंबाडी फुलून जून झाली, तरी तिला उपटवेना. पलीकडच्या घरात नवे भाडेकरू आले. त्यांची कडी वाजली, तरी ती कुंपणाकडे बघायची.

चैत्रात नरडाण्याचं स्थळ सांगून आलं. ती वडिलांना, आबांना म्हणाली, "मला थांबायचंय."

"कोनाकरता, बेटा?"

तिनं नाव सांगितलं. आबा सकाळी उठून रावेरच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. पाय धुतले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तो भायेर रिक्षामा बसेल शे. घरमा येवाले लाजस."

प्रमिला अनवाणीच धावली. सुकदेव खाली उतरला. उन्हानं रापलेला, वाळलेला.

"इतके महिने... एक शब्द नाही?" तिनं विचारलं.

"आजारी माणसाच्या घरात तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलावू? काल आबांनीच विचारलं, लग्न करशील का म्हणून."

"मग? काय म्हणालात?"

"म्हटलं, तिला विचारून सांगतो."

डोळे पुसत ती हसली. "मग विचारा की!"