जुळलेली उत्तरं

बायकोला माझ्यासोबत या देशात राहू द्यायचं की मायदेशी परत पाठवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. इमिग्रेशनवाल्यांची पद्धत सरळ आहे. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं, तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली तर संसार खरा. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवा गेला म्हणजे कुठेतरी वायर तुटली, याच्यापलीकडे माझी अक्कल कधी गेली नाही. आणि घरात माझं लक्ष किती असतं, ते सासूबाईंना विचारा.

"बावळटासारखा गप्प बसू नकोस," आत जाताना बायको म्हणाली.

खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग. एसी जरा जास्तच होता. अधिकारी बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "बायकोच्या टूथब्रशचा रंग?"

रोज बघतो, पण आठवेल तर शपथ. तेवढ्यात डाव्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "जांभळा."

"जांभळा," मी म्हणालो. मागे वळून पाहिलं. नुसती भिंत होती.

"शेवटचं भांडण कशावरून?"

ते लक्षात असतं तर भांडण झालंच नसतं. "ओल्या टॉवेलवरून," कान म्हणाला, मी म्हणालो. मानेवर गार श्वास लागला, त्याला बंद कपाटाचा वास होता. एसीच असणार, मी स्वतःला समजावलं.

"घरात किती जण राहता?"

दोघं. हे तरी पाठ होतं. तोंडातून निघालं, "तिघं."

मेलो. सगळ्यावर पाणी पडलं.

"तिसरं कोण?"

कान गप्प होता. माझीच जीभ हलली. "आहे एक. फारशी बोलत नाही."

बाई पहिल्यांदाच हसल्या.

"तुमच्या मिसेसनीही हेच सांगितलं. शब्द न् शब्द." शिक्का दणकन उमटला. "अभिनंदन. तिघांचंही."

बाहेर बायको धावत आली. मी तिला भर गर्दीत उचललं. ती रडत होती, मीही. जिंकलो होतो. घरापर्यंत आम्ही वेड्यासारखे हसत आलो. तिसरी कोण, हे तिनं विचारलं नाही. मीही नाही.

आत शिरून मी दार लावायला गेलो.

"थांब जरा," बायको म्हणाली, अजून हसतच. "तिला येऊ दे."

आज कुणालाही परत पाठवायची माझी तयारी नव्हती. मी बाजूला सरलो.

"या," म्हणालो.