बारा एप्रिलचा काला

तेजश्रीने फोन झिनतच्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्या टेबलावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मी बुवांवर वाईट लिहिलं म्हणून एक पोस्ट गावभर फिरतेय. मी लिहिलं नाय हे दाखवायला जुन्या पोस्टी शोधायला बसले ताई, आणि ही सापडली. माझ्याच खात्यावर."

शेजारी बसलेल्या टेंपोवाल्या साईनाथने चष्मा लावून वाचलं. तारीख १२ एप्रिल २०१९. 'आज काल्याच्या कीर्तनात वाल्मिकबुवांचा सूर चार वेळा पडला. म्हाताऱ्याने आता घरी बसावं.'

त्याचा जीव कळवळला. कडावच्या सप्ताहात ही पोरगी उभी राहिली की टेंपोचं भाडं सोडून तो पुढे जाऊन बसायचा. बुवा तिचे गुरू. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा शेवटचा मान. यंदा तो बुवांनी आपणहून तिला दिला होता.

"संध्याकाळी सप्ताहाची समिती बसते," तेजश्री म्हणाली. "कडावनं पत्रिकेवरनं नाव काढून टाकलं की दुसरं गाव बोलवत नाय. आणि खरं सांगू? त्या वर्षीचं माझं बाकीचं वाचलं. लई ताठ होते मी. लिहिलंही असेल."

"किंवा आत्ता लिहून कुणी मागची तारीख लावली असेल. तसं करता येतं," झिनत म्हणाली. "फोन कुणाच्या हाती लागतो?"

"त्याला लॉक नाय. रविवारी तालमीला बुवा होते, भिवाजीकाका होते. घरात आमचे मिस्टर."

साईनाथचा टेंपो तिघांना घेऊन कडावला पोचला.

वाल्मिकबुवा ओसरीवर बसले होते. "तारखा मला ईचारू नका. चैत्र सप्तमीला वीणा उभी करून सप्ताह बसवायचा, पुनवेला हनुमानजन्म आन काला. साठ वर्सं हेच. सूर पडला असंल, पण तिनं मला सांगायचं ना."

भिवाजी समितीचा म्होरक्या आणि वीणेकरी. "बाईनं काला करावा, मला नाय पटत. तोंडावर बोललोय. चोरून कशाला लिहू?"

"सहा वर्षांपूर्वी वीणा कुणी उभी केली?"

"सप्तमीला मीच. पुनवेपर्यंत टेकू दिली नाय."

तेजश्रीचा नवरा स्वप्नील खोपोलीच्या कारखान्यातून नुकताच आला होता. "मी शिफ्टवाला माणूस. सप्ताहाला कधी थांबलोच नाय. यंदा पत्रिकेवर बारा तारीख बघून रजा टाकलीय, तेवढंच."

"भिवाजीच," साईनाथ बाहेर येऊन कुजबुजला.

झिनतने फोनवर जुनं पंचांग काढलं, नुसती हसली आणि सगळ्यांना तेजश्रीच्याच घरी बोलावलं.

"साईनाथभाऊ, गेल्या वर्षी आमच्याकडे शिरखुर्म्याला आलात, तारीख कोणती?"

"अकरा एप्रिल." खाण्याच्या तारखा तो विसरत नसे.

"यंदा?"

"एकतीस मार्च. चांदावर असतं ना तुमचं."

"आणि तुमची पुनव कशावर असते?"

साईनाथने कपाळावर हात मारला. इतकी वर्षं काल्याला बसून हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"त्या वर्षी चैत्री पौर्णिमा एकोणीस एप्रिलला होती," झिनत म्हणाली. "बाराला सप्तमी. म्हणजे भिवाजीकाका त्या दिवशी वीणा उभी करत होते. काल्याला अजून आठवडा होता. बाराला काला येतो तो फक्त यंदा. जो तिथीवर जगतो, त्याच्या हातून ही चूक होणार नाही. बुवा नाहीत, काका नाहीत, तेजश्रीही नाही. ही तारीख पत्रिकेवरून उचलली, आणि साल तेवढं मागचं लावलं."

सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळले.

"कशेळ्याला पोस्टर लागलंय हिचं," स्वप्नील खाली बघत म्हणाला. "कारखान्यात मला बुवाबाईचा नवरा म्हणत्यात. एक काला चुकला असता, तर बसली असती घरी."

बुवांनी डोळे पुसले. भिवाजी उठला. "नाव ऱ्हाईल," एवढंच बोलून तो समितीकडे गेला.

तेजश्री मात्र हलली नाही. तिने फोन उचलला आणि नवऱ्यापुढे सरकवला.

"काल रातभर सगळं मागचं वाचत होते. माझ्या हरेक कीर्तनाखाली पहिलं कौतुक तुमचंच हाय. पहिल्यापासून." तिचा आवाज कीर्तनातल्यासारखा स्वच्छ होता. "वाचा. यातलं खरं कुठवर, तुमीच सांगा."

स्वप्नील बोटाने पोस्टी सरकवत राहिला. कुठे थांबावं, ते त्याला कळेना.