न दिसणाऱ्या घोड्याला साद

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातला नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे, आणि आजही स्वतःच्या हाताने लाकडं फोडतो.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. आमचं अत-बाशीचं खोरं. रात्र वगैरे नव्हती, दुपारचा चहा नुकताच झाला होता.

फक्त धुकं होतं.

मामाचं नाव सुयुनबेक. त्याला शर्यतींचं भारी वेड. त्या बघण्याचं कमी, आठवण्याचं जास्त. बुरुल-आपाच्या चहाच्या दुकानात तो आणि त्याचा दोस्त मोमुनकुल समोरासमोर बसायचे आणि रोज यांची जुंपायची.

"नदीला पूर आला त्या साली पहिला कोण?"

"सारीबायचा पंचकल्याणी. काहीतरी अवघड विचार की म्हाताऱ्या!"

"त्याच्या कोणत्या कानाला चीर होती?"

"डाव्या."

"उजव्या! घोड्याकडे बघत होतास की सारीबायच्या मुलीकडे?"

बुरुल-आपा कणकेच्या तळलेल्या बोरसोकची थाळी दोघांच्या मध्ये सरकवायची. "खा आता. घोडे कधीच मेले, तुमचं भांडण काही मरत नाही."

शेवटचा प्रश्न मात्र कायम मामाचा.

"खिंडीपाशी पुढे कोण होतं?"

मोमुनकुल मिशीत हसायचा. "आधी कबूल कर, मला तुझ्यापेक्षा जास्त येतं. मग सांगतो."

मामाने कधी कबूल केलं नाही. पण तो प्रश्न थट्टेचा नव्हता.

मामा लहान होता तेव्हाची ती शर्यत. त्याचा थोरला भाऊ एसेन घरच्या करड्या घोड्यावर होता, मोमुनकुल तांबड्यावर. खिंडीपर्यंत जायचं, दगडांच्या राशीला वळसा घालून परत यायचं. वर धुकं उतरलं. तांबडा आला. मागून बाकीचे एकेक करून आले.

करडा आला नाही.

एसेनही आला नाही.

बर्फ पडेपर्यंत शोधलं. खोगिराचा पट्टासुद्धा सापडला नाही.

आमच्याकडे शर्यतीच्या शेवटी घोड्याला साद घालतात. दमलेला घोडा दिसला की घरचे लोक पुढे धावतात, पणजोबाचं नाव घेऊन ओरडतात, लगाम धरून त्याला रेषेपर्यंत आणतात. पण घोडा डोळ्यांना दिसल्यावरच. न दिसणाऱ्या घोड्याला साद घालायची नसते, काय येईल सांगता येत नाही. त्या दिवशी मामाच्या वडिलांनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. मामा ओठ आवळून धुक्याकडे बघत उभा राहिला होता.

गेल्या सप्टेंबरात मोमुनकुल गेला. उत्तर न देताच.

मामा तरी दुकानात जायचा. समोरची जागा रिकामी. त्या दुपारी तिथे तिलेक नावाचा एक तरुण येऊन बसला. मामाला राहवलं नाही.

"सांग बघू, पुराच्या साली पहिला कोण?"

तिलेकने फोन काढला. "थांबा आजोबा, बघून सांगतो."

"बघून कशाला? आठवून सांग."

"मला कसं आठवेल? तेव्हा माझा बाप तरी जन्मला होता का?"

पोरगं काही वाईट बोललं नाही. पण मामा अर्धा चहा तसाच ठेवून उठला. डोक्यात एवढं सगळं, आणि विचारणारं कुणी नाही. मामी गेल्यापासून घरही खायला उठायचं. तो घरी गेलाच नाही, सरळ शर्यतीच्या जुन्या माळावर गेला.

शेवटच्या चढाखाली दगडावर बसून तो एकटाच खेळू लागला. प्रश्न मोमुनकुलच्या आवाजात, उत्तर स्वतःच्या. मध्येच स्वतःला दोन शिव्याही घातल्या. मग खिंडीकडे तोंड करून म्हणाला, "बरं बाबा, कबूल. तुला जास्त येतं. आता तरी सांग. पुढे कोण होतं?"

वारा पडला.

खाली वस्तीतली कुत्री गप्प झाली.

आणि मग... टापा.

एकाच घोड्याच्या. लांबून. पाय ओढत येणाऱ्या.

असा घोडा चढाला थांबला की संपला, हे मामाला पक्कं ठाऊक. तो उठला. विचार करायच्या आत तोंडातून पणजोबाचं नाव निघून गेलं.

"तेमिरकान! तेमिरकान!"

टापा थांबल्या...

मग भरधाव त्याच्याच दिशेने आल्या.

हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. तोंडावर गरम श्वास आला... आणि मुठीत लगाम. ओला.

मामाचे गुडघे केव्हाच गेलेत. तरी तो धावला. धापा टाकत, लगाम धरून, पार जुन्या रेषेपर्यंत. तिथे थांबून त्याने घोड्याचं कपाळ चाचपलं, छाती चाचपली. मागे पडलेल्या घोड्याच्या तोंडावर पुढच्याच्या टापांचा चिखल उडतो. इथे चिखलाचा ठिपका नव्हता.

"दादा!" मामाला रडू फुटलं. "तू पुढे होतास! दादा, तूच पुढे होतास रे!"



भावाचा गुडघा धरायला त्याने हात वर नेला...

खोगीर रिकामं होतं.

रिकीब हलत होती. त्याच्या कोपराला हळूच लागत होती. मग तीही लागायची थांबली, आणि मुठीत काही उरलं नाही.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तर चूल थंड. मामाने नुसता तळहात पुढे केला. घोड्याच्या घामाचा वास येत होता. शेवटचा घोडा विकून त्याला कितीतरी वर्षं झालीत.

"कुणाचा तरी सुटलेला असेल," मी म्हणालो.

"असेल," तो म्हणाला.

तेव्हापासून तो दुकानात जात नाही. धुकं उतरलं की माळावर जातो. एकदा मी त्याला आणायला गेलो. तो ओरडत होता, पण पणजोबाचं नाव घेऊन नाही.

"मामा, चल घरी. मिळालं ना उत्तर? करडा पुढे होता."

त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "घोडा आला रे. दादा यायचाय अजून."

मी काही बोलणार, तेवढ्यात वर चढावर... दगड घरंगळले.

टापा नव्हत्या. कुणीतरी पायी उतरत होतं.

मामाने टोपी सारखी केली. मला पळावंसं वाटत होतं, पण त्याला तिथे टाकून जाववेना. पावलं जवळ आली... आणि थांबली. किती वेळ, कुणास ठाऊक. धुकं विरलं तेव्हा माळावर आम्ही दोघंच होतो.

मामा माझ्यावर रागावला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला ओळखत नाही ना तो. पुढच्या वेळी मी एकटाच येईन."

आज सकाळपासून पुन्हा धुकं आहे. मी मामाच्या दारात वाट अडवून बसलोय आणि हे लिहितोय.