डनलिनचं नाक

त्या शुक्रवारी थेल्मा हार्कर हातातला झारा तसाच घेऊन दुकानाबाहेर पळाली, कारण डोक्यावरून काहीतरी भयंकर गेलं होतं.

दुकान तिच्या वडिलांचं, फिश अँड चिप्सचं. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या त्या गावाच्या एका टोकाला चिखलाची खाडी होती आणि दुसऱ्या टोकाला विमानांचा कारखाना. शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे रांग दाराबाहेर. बाहेर बारीक भुरभुर चालली होती. विमान खाडीवर वळलं आणि परत आलं, या वेळी अगदी खालून. थेल्माचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे देवा! हे काय आहे? हे कुणी केलं?"

रांगेच्या टोकाला भिजलेल्या रेनकोटात एक उंच माणूस उभा होता. त्याने विचारलं, "का? काय झालं?"

"तुम्हाला डोळे नाहीत का? ते नाक बघा! दारावर आपटल्यासारखं खाली वाकलंय. पोट सुटलंय. आणि पाठीवर ते टेंगूळ कशाचं? ते हंटर लढाऊ विमान बघितलंय ना कधी? हंटर आकाशातून जातं तेव्हा वाटतं, कुणीतरी एका दमात रेघ ओढली. आणि हे… हे सहा जणांनी अंधारात एकेक तुकडा केला आणि सकाळी जोडून टाकला!"

"सहा नाही," तो म्हणाला. "बरेच जण होते."

"तुम्हाला काय माहीत?"

"नाक माझं आहे."

थेल्माने त्याच्या नाकाकडे बघितलं. सरळ होतं, टोकाला पावसाचा थेंब लोंबत होता. "तुमचं बरं आहे की."

"विमानाचं म्हणतोय मी. ते मी काढलंय."

थेल्माने रांगेकडे वळून बघितलं. सगळी रांग जमिनीकडे बघत होती. अर्धी रांग कारखान्यातली होती, तो कोण हे सगळ्यांना माहीत होतं. तो मिसेस उटलींकडे खोली घेऊन राहत होता. त्या तर चार माणसं पुढेच उभ्या होत्या आणि दुकानाच्या छपराचं निरीक्षण करत होत्या. कुणी एका शब्दाने तिला अडवलं नव्हतं. रांगेत दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हा तिथला शिरस्ता. समोरचा खड्ड्यात पडत असला तरी.

"थेल्मा," आतून सिड हार्करचा आवाज आला, "झारा आत आण. तळणीतली चरबी गळतेय बुटावर."

त्या उंच माणसाची पाळी आली तेव्हा तिने सगळ्यात मोठा हॅडॉक मासा निवडून कागदात बांधला.

"एवढा मोठा कशाला?"

"लाजेपोटी."

"मग दर शुक्रवारी अपमान करत जा," तो म्हणाला, आणि पुडकं काखेत धरून निघून गेला. थेल्माने पुढच्या गिऱ्हाइकाला वाटाणे द्यायच्या ऐवजी दोनदा मीठच घातलं.

त्याचं नाव बर्नार्ड टिलॉटसन. विमानाचं नाव डनलिन, नौदलासाठी बनलेलं. खाडीच्या चिखलात चोच खुपसत पळणारी चिमुकली पाखरं असतात, त्यांचं नाव या धुडाला कुणी दिलं, हे गावाला न सुटलेलं कोडं होतं.

पुढच्या शुक्रवारी तो आला आणि रांगेत मागेच राहिला. कुणी नवीन आलं की "तुम्ही व्हा पुढे," म्हणायचा. असं करत करत दुकान रिकामं झालं.

"तुम्हाला भूक नाही वाटतं?" थेल्मा म्हणाली.

"आहे. पण आधी नाकाचं बोलायचंय." त्याने काउंटरवर एक लांब चिप आडवी ठेवली. "हे विमानवाहू जहाज. समुद्रात हलतंय. आणि हा तुमचा पायलट, वरून येतोय. त्याला उतरायची जागा दिसायला नको? नाक वर असेल तर त्याला नुसतं नाकच दिसेल. म्हणून ते खाली वाकवलं. त्याला घरी जाता यावं म्हणून."

थेल्माने त्या चिपकडे बघितलं. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बरं. आणि टेंगूळ?"

"ते सांगायला बंदी आहे."

"पोट?"

"तेही."

"म्हणजे जे कुरूप आहे ते सगळं सरकारी गुपित!"

तो एवढ्या जोरात हसला की आतून सिडने डोकं काढलं. "खरं सांगू? दर मीटिंगला नौदलाचा एक नवा साहेब यायचा. त्याला आणखी काहीतरी आत बसवायचं असायचं. साहेब गेला की आम्ही एक फुगवटा वाढवायचो."

"आणि तरी तुम्हाला ते सुंदर वाटतं?"

"वाटतं."

"हंटरपेक्षा?"

"हंटर सुंदर आहेच. ते कुणालाही कळतं, त्यात माझं काय कौतुक?" तो जहाज उचलून खाऊन टाकत म्हणाला. "आमची विमानं मला घरातल्या माणसांसारखी वाटतात. काही देखणी निघतात, काही आत्यासारखी."

"तुमची आत्या भेटायला हवी एकदा."

"रविवारी चला ना… म्हणजे, आत्याकडे नाही. खाडीवर. पाखरं दाखवतो."

खाडीवर वारा इतका होता की बोलायचं तर जवळ जाऊनच बोलावं लागत होतं. दोघांनीही त्याबद्दल तक्रार केली नाही. ओहोटीच्या चिखलावर शेकडो पाखरं तुरुतुरु चालत होती.

"चोच बघा त्यांची," बर्नार्ड म्हणाला. "टोकाला खाली वाकलेली. त्यांना कुणी कुरूप म्हणतं का?"

"ती माझ्या डोक्यावर येऊन चिप्स करपवत नाहीत." तिचा स्कार्फ उडाला, त्याने तो हवेतच पकडला आणि परत देताना दोन्ही टोकं हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला. "थेल्मा, एकदा तरी नीट बघा तिच्याकडे, डनलिनकडे. माझ्यासाठी."

"बघितलं. कुरूप आहे."

पण सोमवारी बटाटे सोलताना लांबून तो घरघराट आला आणि ती दचकली. दचकली ती आवाजाने नाही. आपण सकाळपासून त्या आवाजाची वाट बघत होतो, हे ध्यानात आलं म्हणून. सुरी हातातून पडली.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी दुकानातल्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. रांगेत कारखान्यातले लोक कामाच्या कपड्यांत उभे होते. सरकार खर्च कमी करत होतं. निवेदकाने एकाच सुरात दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्यातच एक वाक्य होतं: डनलिन विमानाचं काम आजपासून बंद. मग तो हवामानाकडे वळला.

दुकानात फक्त चरबीचा चुरचुराट ऐकू येत होता. रांग एक पाऊल पुढे सरकली.

"व्हिनेगर?" थेल्माने विचारलं.

"हो, पोरी," पुढचा म्हातारा फिटर म्हणाला. तिने ओतलं, ओततच राहिली, आणि कागद फुटून काउंटरवर आलं तरी दोघांनाही कळलं नाही.

त्या शुक्रवारी बर्नार्ड आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिसेस उटली हॅडॉकचा एकच तुकडा घेताना म्हणाल्या, "जेवत नाही मेला. कॅलिफोर्नियातून नोकरी आलीय, तिथे म्हणे विमानं काढणाऱ्यांना डोक्यावर घेतात. बॅग भरून ठेवलीय. काल विचारलं, निरोप घ्यायला कुणाकडे जायचंय का? तर म्हणाला, मला कुणाला तोंड दाखवायचं नाही."

थेल्माच्या मनात आलं, आपल्याला हा माणूस नकोच असता तर किती सोपं झालं असतं.

कारखान्याला स्वतःची धावपट्टी नव्हती. विमान तयार झालं की पंख मिटून, शेपटी पुढे करून, ट्रॅक्टरने गावातल्या रस्त्यावरूनच विमानतळाकडे ओढत न्यायचे. त्या दिवशी गाव आपल्या पाट्या, कुंड्या, वाळत घातलेले कपडे आत घ्यायचं. हार्करच्या दुकानाची पाटी रस्त्यावर आलेली, तीही दर वेळी स्क्रू काढून उतरवावी लागायची. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी हवालदार सायकलवरून सांगून गेला: आज शेवटचं विमान. उडायला नाही, भंगारात.

सिड शिडीवर चढला, थेल्माने खालून पाटी धरली. वर स्क्रू फिरवताना तो म्हणाला, "तुझ्या आईचं नाक आठवतं?"

"मोठं होतं."

"मोठं? अगं, ती चर्चमध्ये शिरायची त्याच्या आधी ते शिरायचं. लग्नाआधी माझ्या भावाने मला विचारलं, सिड, तुला ती खरंच सुंदर वाटते? मला त्या प्रश्नाचं उत्तर कधीच सुचलं नाही." एक स्क्रू त्याने दातात धरला, मग काढला. "आता तिची खुर्ची रिकामी असते ना, तेव्हा मला दुसरं कुठलंच नाक डोळ्यांसमोर येत नाही."

आई गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल एवढं बोलले नव्हते. थेल्मा पाटी धरून थिजल्यासारखी उभी राहिली.

"जा," सिड म्हणाला. "पाटी मी उतरवतो. पडली तर पडली."

मिसेस उटलींच्या घरात बायकांनी जिना चढायचा नाही असा नियम होता. थेल्मा एप्रन घालूनच दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली आणि खालून मिसेस उटलींची किंकाळी आली, "मिस हार्कर! मिस हार्कर!! वर पुरुष आहे!"

"माहितीय! त्यालाच न्यायला आलेय!"

बर्नार्ड खिडकीचा पडदा ओढून पलंगावर बसला होता. बूट घातलेले, बॅग दाराशी. तो ताडकन उठला.

"तू… इथे?"

"चल खाली. ती येतेय."

"मी नाही बघू शकत."

"तूच तर म्हणाला होतास, एकदा नीट बघ म्हणून. मग मी एकटी बघू?"

"आता कशाला बघतेस? कुरूपच होती ना ती?"

"हो!" थेल्मा ओरडली, आणि आपल्याच आवाजाने दचकली. मग हळू म्हणाली, "कुरूपच आहे, बर्नार्ड. मी खोटं नाही बोलणार, आजसुद्धा नाही. पण गेले दोन आठवडे आभाळ रिकामं आहे आणि… मला तिथे बघवत नाही. तुझ्या जागेवर रांगेत दुसरंच कुणी उभं राहतं आणि मला त्याला मासा द्यावासा वाटत नाही. तुला जायचं तर जा. पण त्याआधी एकदा खाली ये."

त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी दिवा लावायच्या आधीच खोलीत उजेड पडला. त्याने पडदा उघडला, टोपी घेतली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं होतं. ट्रॅक्टर आला, मागून शेपटी, मग मिटलेले पंख, ते टेंगूळ, ते पोट. जसजसं विमान पुढे सरकत गेलं तसतशा टोप्या उतरत गेल्या. म्हातारा फिटर सरळ उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती.

शेपटी पुढे होती, म्हणून नाक सगळ्यात शेवटी गेलं. खाली वाकलेलं, मागे राहिलेल्या माणसांकडे बघत. वळणापर्यंत ते तसंच बघत गेलं. थेल्माने बर्नार्डचा हात घट्ट धरला.

"थेल्मा," तो वळणाकडे बघतच म्हणाला, "सोमवारी मला कॅलिफोर्नियाला तार करायचीय. तिकडे विमानं देखणी असतात म्हणे. दिवसभर देखणं बघून मी वेडा होईन. तू… येशील का? लग्न करून. आधी लग्न, मग… म्हणजे तुझी तयारी असेल तर."

एवढा मोठा समुद्र, आणि इकडे बाबांसमोरची ती रिकामी खुर्ची. तिने दुकानाकडे बघितलं. सिड दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो सगळ्यांदेखत एकदा होकाराची मान हलवून आत गेला.

"हो," थेल्मा म्हणाली. "हो… हो रे!"

बर्नार्डने भर रस्त्यात तिचं चुंबन घेतलं. मिसेस उटलींनी डोळ्यांवर हात घेतला, बोटांमधून बघितलं. हवालदाराने सायकल फिरवली आणि पाठ करून उभा राहिला.

एव्हाना दुकानासमोर नेहमीसारखी रांग लागली होती. सिड बाहेर आला, एप्रन काढून खांद्यावर टाकलेला. त्याने दार ओढलं आणि कुलूप लावलं.

रांग अवाक झाली. महायुद्धात बॉम्ब पडले तेव्हाही हार्करचं दुकान शुक्रवारी बंद नव्हतं.

"सिड?" कुणीतरी घाबरून विचारलं. "काय झालं रे? बरं नाही का?"

"माझी पोरगी चाललीय," सिड हार्कर म्हणाला. "आज तिला मी माशांमागे उभी करणार नाही. जा, घरी जाऊन अंडी खा."

आणि आश्चर्य म्हणजे रांगेतला एकही माणूस हलला नाही. सगळे तिथेच उभे राहिले, आणि मग एकेक जण पुढे येऊन, पाळीपाळीने, थेल्माचा हात हातात घेऊ लागला.