ब्लॅक रॅममधली शेवटची हाक

३१ जानेवारी १९७४, गुरुवार. सकाळपासून दाट धुकं, वारा अजिबात नाही. दुपारी दोन अंश.

आमच्या गावचा दारूचा गुत्ता, 'ब्लॅक रॅम', आज कायमचा बंद झाला. दुपारी दारू वाढायची वेळ अडीचला संपते, म्हणून मी तीनला गेलो, मालक अ‍ॅम्ब्रोज टकवेलचं सामान बांधायला. चारला त्याची मुलगी मॅरियन गाडी घेऊन येणार होती. "बाबांना तेवढं गाडीत बसवा, रुबेनकाका," असं तिनं दोनदा फोन करून सांगितलं होतं. बायको, विनी, वारल्यापासून तो धड जेवतही नव्हता. एकटा राहिला तर हिवाळा काढणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

आत दिवा नव्हता, नुसती शेकोटी. ठेंगण्या तुळया, धुरानं तपकिरी झालेलं छत, भिंतीलगतचा लांब बाक. चौतीस वर्षं मी इथं येतोय. आत शिरलं की कुणी खांद्यावर घोंगडी टाकल्यासारखं वाटायचं. आजही तसंच वाटलं. पण खोली रिकामी होती, आणि ओल्या लोकरीचा, पाइपच्या तंबाखूचा ताजा वास येत होता.

अ‍ॅम्ब्रोज गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता. हे मी कधी पाहिलं नव्हतं. काउंटरमागची घंटा वाजवून "मंडळी, वेळ झाली" अशी हाक देईपर्यंत मालक गिऱ्हाइकांत बसत नाही. आणि हाक गेली की काउंटरच्या बाहेरचं, गिऱ्हाइकांच्या बाजूचं झाडून सगळं माणूस उठून दाराबाहेर पडतं.

"काय मालक, पाय दमले?"

"हळू बोल... शेवटच्या दिवशी प्यायला आला नाहीस ना, नाटक्या?"

"रडकी तोंडं बघवत नाहीत मला. तुझं तर मुळीच नाही."

तो हसला नाही. "मी आज घंटा वाजवली नाही, रुबेन. हातच उचलला गेला नाही. दुपारचे चौघे आपणहून गेले... बाकीचे राहिले."

"बाकीचे कोण?"

त्यानं हनुवटीनं बाक दाखवला. "म्हातारा जेसप. हॉबडे. तो बहिरा फर्गस... आणखी बरेच... आणि विनी."

त्यानं नावं घेतलेल्या चौघांच्याही दफनाला मी गेलो होतो. बाकावर कुणी नव्हतं. पण त्याच्या डावीकडची उशी खोल दबलेली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर डॉमिनोची सोंगटी टक्कन आपटली.

"वाटलं, हाक दिली नाही तर ती थांबेल. थांबलीये. पण माझ्याकडे बघत नाही रे... कुणीच बघत नाही. सगळे नुसते दाराकडे बघतायत."

"ऊठ. मॅरियन येईल आता."

"उठता येत नाही."

मी काखेत हात घालून ओढलं. चिपाडासारखा माणूस, तसूभर हलला नाही. दोन्ही बाजूंनी माणसं खेटून बसावीत तसा अडकला होता. हात तळघरातल्या दगडासारखे गार.

"तू दे हाक," तो पुटपुटला. "म्हणजे ते जातील... मी सुटेन."

"मालक तू आहेस."

"सकाळीच मालकी सोडल्याची सही केली. मी आता कुणी नाही. दे ना रे..."

मी काउंटरमागे गेलो. डोक्यात फक्त गाडी होती. घंटेची दोरी ओढली.

"मंडळी, वेळ झाली! चला आपापल्या घरी!"

बाक करकरला, बरीच माणसं एकदम उठावीत तसा. लोकरीचा वास माझ्या समोरून दाराकडे सरकला. दार उघडलं, धुकं आत आलं. फरशीवर पावलं वाजली. सवयीनं मी मोजली. अकरा माणसं. त्यांत एक पाऊल हलकं, बाईचं. आणि सगळ्यात मागून बारावं, अनवाणी.

मी काउंटरच्या आत उभा होतो. तो बाहेर होता, गिऱ्हाइकांत. हे मला दार लागल्यावर उमगलं.

मॅरियन चार वाजून पाच मिनिटांनी आली. बाकाखाली त्याचे बूट होते, नाड्या बांधलेल्या, आत मोजे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. पाऊस. पोलिसांनी ओढा आणि चर्चमागचं तळं पुन्हा पाहिलं आणि दुपारी शोध थांबवला. अ‍ॅम्ब्रोज टकवेल सापडला नाही.